अधिकृत

काउंटरमागच्या भिंतीवर पत्र आहे, चौकटीत:
घारपुरे सायकल्स, दांडिया बाजार, वडोदरा —
अधिकृत विक्रेते.
काचेला पालीची वाळकी शेपूट चिकटलीय,
सहा महिने झाले, काढायची राहून जाते.

साडेअकराला एक मुलगा आला, सायकल हातात धरून.
न विचारता स्टँडवर चढवली.
म्हणाला, मावशी, गियर अडकतो.
जशुभाईंनी पेडल उलटं फिरवलं, कान लावला,
डॉक्टर लावतात तसा नाही,
शेजारचं भांडण भिंतीतून ऐकतात तसा.
मग बॅटरी धरून तिच्या पोटाखालचा नंबर वाचला.
मी वही उघडली. वहीत नाही.
कंपनीच्या पोर्टलवर टाकला. लाल अक्षरं आली:
हा क्रमांक आपल्या देशासाठी नाही.

देशासाठी नाही!
आणि इथे, माझ्या फरशीवर,
टायरला सुरसागरच्या कडेचा चिखल.

खोटी आहे का, मावशी?
नाही रे. खोटी असती तर सोपं होतं.
हीच फॅक्टरी, हाच रंग,
सांध्यावर हीच माशाच्या खवल्यांसारखी डाग.
तायवानहून एकाच आठवड्यात निघाल्या असतील दोघी.
एक मुंद्र्याला उतरली माझ्या नावानं,
कुपनं, वॉरंटी कार्ड आणि एरिया मॅनेजर घेऊन.
दुसरी दुबईत कुणाच्या गोदामात झोपली वर्षभर,
मग उठून आली गोत्री रोडच्या मोठ्या दुकानात,
शाम्पू आणि टीव्हीच्या मधल्या रांगेत उभी राहिली.
सख्ख्या बहिणी.
एकीचं लग्न लावून दिलेलं, दुसरी पळून आलेली.
सुखात कोण, मला विचारू नका.

गेल्या रविवारी गेले होते मी तिकडे,
स्कूटीवरच्या पोरींसारखा ओढणीनं चेहरा बांधून.
किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली.
माझ्या विक्रीपेक्षा नाही,
माझ्या खरेदीपेक्षा
चार हजार एकशे कमी.
तिथल्या पोराला विचारलं, सीट किती उंच ठेवायची?
मॅडम, मी आजच आलो इकडे, काल पंख्यांना होतो.
नाव धैवत. गोड पोरगा.
म्हटलं, टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा.
त्यानं हातावर लिहून घेतलं.
म्हणजे शिकवूनही आले त्यांना, फुकट.

आणि खरं सांगू?
दोन घेतल्या.
ह्यांना सांगितलं नाही.
मागच्या खोलीत आहेत, खोक्यात,
जुन्या कॅलेंडरांखाली.
मार्चपर्यंत टार्गेट चाळीस.
कंपनीकडून घेतल्या तर अधिकृत राहते,
तिकडून घेतल्या तर राहते.

मुलगा उभाच होता.
पत्रातलं सातवं कलम मला पाठ आहे:
अशा सायकलीला हात लावायचा नाही.
जशुभाई माझ्याकडे न बघता
हातातलाच पाना शोधत होते.
हँगर वाकलाय, भिंतीला म्हणाले. दहा मिनिटं.
करुं के नई, बेन?

मी पत्राकडे पाहिलं. शेपटीकडे.
उठून शटर अर्धं ओढलं,
पावणेबाराला जेवणाची सुट्टी जाहीर केली.
आत अंधारल्यावर
माझी कुठली आणि त्याची कुठली,
चाकांवरून तरी कळेना.

किती झाले?
दीडशे.
बिल?
बिल कशाचं फाडू, म्हटलं,
ही सायकल आलेलीच नाही अजून.

तो हसला. वाकून शटरखालून काढली त्यानं,
आणि घंटी नव्हती,
म्हणून तोंडानंच वाजवली, दोनदा,
रस्त्यावरच्या गाईला.